सुट्या भागांतून वाफेचं इंजिन: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळचे मॉडेल रेल्वेचे सगळे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत. डब्यात साठलेल्या सुट्या भागांतून फ्रीलान्स इंजिन, म्हणजे कुठल्याही रेल्वेच्या ताफ्यात कधीच नसलेलं पण असू शकलं असतं असं वाफेचं इंजिन, कसं उभं करायचं? बहुतेकांचं काम एचओ मापात चाललंय: 1:87 प्रमाण, 16.5 मिमी गेज (दोन रुळांमधलं अंतर), 12 व्होल्ट डीसी. उत्तरांतले आकडे त्याच मापाचे आहेत.

प्रश्न: माझ्याकडे एक चालू 0-6-0 चासी (सहा मोठी चालक चाकं, पुढे-मागे छोटी चाकं नाहीत), तीन मोडक्या इंजिनांच्या बॉड्या, एक टेंडर (कोळसा-पाण्याचा जोडडबा) आणि डोम (बॉयलरवरचे घुमट), धुरांडी वगैरेंचा डबाभर पसारा आहे. सुरुवात बॉडीपासून करू की चासीपासून?

चासीपासून. बॉडी कापता येते, चुकली तर परत जोडता येते. चासीत मात्र अॅक्सलमधलं अंतर, चाकांचा व्यास आणि मोटरची जागा आधीच ठरलेली असते, आणि इंजिन कसं दिसणार हे त्यावरच अवलंबून असतं. व्हर्निअर कॅलिपर घ्या, प्रत्येक माप टिपा आणि 87 ने गुणा. समजा चाक 14 मिमी आहे. खऱ्या इंजिनात ते 1.22 मीटर झालं. पहिल्या आणि शेवटच्या अॅक्सलमधलं अंतर 40 मिमी असेल तर ते झालं 3.48 मीटर. एवढ्यावरून इंजिनाचा धंदा कळतो: शंटिंग (यार्डात डबे हलवणं) किंवा छोट्या मार्गावरची मालगाडी. अशा चासीवर एक्स्प्रेस इंजिनाचा लांबलचक बॉयलर चढवला तर पाहणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येणार नाही, पण खटकेल नक्की. चाकं 23 मिमीची, म्हणजे 2 मीटरची असतील तर गणित उलटं.

पुढची पायरी ग्राफ पेपर. मॉडेलच्याच मापात चासीची बाजू काढा, मोटर कुठवर वर येते ती चौकट आखा. तिन्ही बॉड्यांचे बाजूने फोटो काढून त्याच मापात छापा, भाग कातरून कागदावर सरकवत बसा. ही संध्याकाळ वाया जात नाही. करवत चालवल्यावर कळणाऱ्या बऱ्याच चुका इथेच कळतात.

भाग सरकवताना एकच गोष्ट तपासत राहा: वाफ, पाणी, कोळसा आणि माणूस यांना वाट आहे का? वापरून झालेली वाफ सिलिंडरमधून ब्लास्ट पाइपने सरळ वर धुरांड्यात जाते. म्हणून पुढचे सिलिंडर, त्यांच्यावरचा स्मोकबॉक्स (बॉयलरच्या पुढचा धुराचा कप्पा) आणि धुरांडं साधारण एकाच उभ्या रेषेत येतात. अरुंद फायरबॉक्स (कोळसा जळतो ती पेटी) दोन अॅक्सलच्या मधे फ्रेममध्ये उतरतो. रुंद फायरबॉक्सला चाकांच्या वर किंवा मागे जागा लागते, म्हणून तो लावायचा तर बॉयलर वर उचला किंवा मागे छोट्या चाकांचा अॅक्सल देऊन 0-6-2 करा. सेफ्टी व्हॉल्व्ह फायरबॉक्सवर किंवा त्याच्या जवळ. पाणी साइड टँकमध्ये असेल तर टँकला भरायचं झाकण हवं, आणि बॉयलरच्या बाजूला पाणी आत घेणारा चेक व्हॉल्व्ह व त्याची नळी हवी. वाळूचे डबे आणि चाकापुढे उतरणाऱ्या नळ्या बरेच जण विसरतात. डोम नसलेली इंजिनं होती. पण पाणी भरायची सोय नसलेलं इंजिन कुणी बांधलं नव्हतं.

उंचीही तपासा. युरोपातल्या मुख्य मार्गांची नेहमीची कमाल उंची 4.28 मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये 49 मिमी. ब्रिटिश धाटणीचं इंजिन असेल तर 4 मीटरच्या, म्हणजे 46 मिमीच्या आतच राहा.

प्रश्न: जुनी चासी स्वस्तात मिळाली, पण धातूच्या फ्रेमला बारीक तडे आहेत. एपॉक्सी भरून चालेल का?

नाही. हा जस्ताच्या मिश्रधातूचा रोग आहे. ओतताना धातूत शिशासारखी अशुद्धी राहून गेली की कणांच्या सीमांवर गंज धरतो, फ्रेम फुगते, वाकते आणि शेवटी हातात चुरा होतो. तो थांबवता येत नाही. तडे दिसण्याआधी फुगणं सुरू झालेलं असतं: अॅक्सलची भोकं एकमेकांपासून दूर जातात आणि चाकांना जोडणारे रॉड अडकायला लागतात. पट्टीची सरळ कड लावून बघा. फ्रेम केळ्यासारखी वाकलेली दिसली, रंगाखाली फोड आले असले किंवा कोपरा नखाने उडाला, तर चाकं, मोटर, गिअर, रॉड काढून घ्या आणि फ्रेम टाकून द्या.

सुट्या भागांत दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे अॅक्सलवर घट्ट बसवलेला प्लास्टिकचा गिअर. तो वर्षानुवर्षं ताणाखाली राहून दोन दातांच्या मधल्या खाचेत चिरतो. तिथे दातांमधलं अंतर वाढतं आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक’ आवाज येतो. चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका. हे गिअर बहुधा नायलॉन किंवा अॅसिटलचे असतात आणि त्यांना कुठलाही गोंद धड धरत नाही. चिकटला तरी वाढलेलं अंतर तसंच राहतं. नवीन गिअर घ्या.

प्रश्न: दोन वेगळ्या चासींमधली चाकं आणि रॉड एकत्र केले. मोटर उत्तम आहे, पण इंजिन प्रत्येक फेऱ्यात लंगडतं. रॉडची भोकं मोठी केली तर आणखी बिघडलं.

भोकं मोठी करणं हा शेवटचा उपाय, आणि तोही 0.1 मिमीपुरता. त्यापलीकडे गेलात की चाकं एकमेकांच्या मागेपुढे रेंगाळतात आणि नेमक्या चुकीच्या जागी अडकतात.

वेगवेगळ्या ठिकाणची चाकं एकत्र करताना आधी क्रँकचं माप जुळतं का ते बघा: अॅक्सलच्या मध्यापासून क्रँकपिनच्या (चाकावरची रॉड बसवायची पिन) मध्यापर्यंतचं अंतर. एका जोडीचं 3.5 मिमी आणि दुसरीचं 3.2 मिमी असेल तर ती चाकं एका रॉडला जोडताच येत नाहीत, व्यास कितीही तंतोतंत सारखे असोत. हे जुळत असेल तर पुढे चला.

वर्म (मोटरच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा गिअर) किंवा मोटर काढून ठेवा. रॉडही काढा. चासी काचेवर ठेवून बोटाने ढकला. एकही अॅक्सल जड वाटला तर आधी तो दुरुस्त करा. मग फक्त मागच्या दोन अॅक्सलना रॉड लावा. रॉड एकसंध असेल तर तिसऱ्या चाकाची पिन काढून ठेवा. हळूहळू ढकला आणि अडतं कुठे ते नीट बघा, कारण अडण्याची जागाच कारण सांगते. एका बाजूची क्रँकपिन अगदी पुढे किंवा अगदी मागे, म्हणजे रॉडच्या रेषेत आल्यावर अडत असेल, तर त्या बाजूच्या रॉडच्या भोकांमधलं अंतर अॅक्सलमधल्या अंतराशी जुळत नाही. तिथे मोकळं चालून मधल्या तिरक्या स्थितीत, साधारण 45 अंशांवर अडत असेल, तर क्वार्टरिंग चुकलंय.

क्वार्टरिंग म्हणजे डाव्या आणि उजव्या क्रँकमधला 90 अंशांचा कोन. तो तंतोतंत 90 असायलाच हवा असं नाही. 89 चालेल, 91 चालेल. फक्त सगळ्या अॅक्सलवर एकच हवा. उजवी बाजू पुढे की डावी, याचंही तसंच: कुठलीही चालेल, पण सगळीकडे तीच. म्हणून डोळ्याने लावू नका, एक साधा जिग करा. पितळी किंवा अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात अॅक्सल बसेल अशी खाच, एका बाजूला डावी क्रँकपिन टेकेल अशी उभी कड, दुसऱ्या बाजूला उजवी क्रँकपिन टेकेल अशी आडवी कड. सगळे अॅक्सल त्याच जिगमध्ये, त्याच दिशेने, एकाच बैठकीत लावा. जिग थोडा चुकला असेल तरी सगळे अॅक्सल सारखेच चुकतील, आणि तेच हवं आहे. चाक अॅक्सलवर फिरतं आहे असा संशय असेल तर रिटेनिंग कंपाउंडचा (धातूचे भाग घट्ट धरणारा द्रव गोंद) सुईच्या टोकाएवढा थेंब द्या. सेट होण्याआधी चाकांच्या मागच्या बाजूंमधलं अंतर 14.4 मिमीच्या आसपास आहे ना, ते गेजने बघून घ्या.

आता तुमच्या मोठ्या झालेल्या भोकांचं. प्रत्येक भोकात पितळी बुश बसवा: भोक ड्रिलने स्वच्छ गोल करा, बसेल तेवढ्या जाडीच्या नळीचा तुकडा सोल्डर करा, दोन्ही बाजू कानशीने सपाट करा, आणि पिनपेक्षा 0.1 मिमी मोठं ड्रिल घालून पुन्हा भोक पाडा. ड्रिलिंग दोन्ही रॉड एकावर एक ठेवून, एकत्र करा. म्हणजे डावा-उजवा फरक राहत नाही. त्यातूनही एखाद्या जागी अडलंच तर दोन संशयित राहतात: चाकात वाकडी बसलेली क्रँकपिन, किंवा रॉडला चिमटणारा जास्त आवळलेला स्क्रू.

सगळं मोकळं झाल्यावर चासी थोड्या उतरत्या काचेवर स्वतःच्या वजनाने घरंगळली पाहिजे. त्यानंतरच वर्म परत बसवा.

प्रश्न: चासी छान चालते, पण शंटर असूनही पळते जोरात. कंट्रोलरवर व्होल्टेज कमी ठेवणं एवढाच उपाय आहे का?

हिशेब करून बघा. मोटर 12 व्होल्टवर मिनिटाला 12,000 फेरे घेत असेल, गिअर 20:1 असेल आणि चाक 14 मिमी, तर चाकाचे 600 फेरे होतात. 44 मिमी परिघाने मिनिटाला 26.4 मीटर, तासाला 1,583 मीटर, आणि 87 ने गुणल्यावर 138 किलोमीटर प्रतितास. शंटरला हे शोभत नाही. 40:1 केलं तर 69, आणि 50:1 ला 55. शंटरसाठी 50:1 च्या आसपास राहा. व्होल्टेज उतरवून वेग कमी होतो खरा, पण मोटर तिच्या सर्वात दुबळ्या पट्ट्यात चालते, आणि सांध्यावर थांबण्याचं प्रमाण वाढतं.

गुणोत्तर मोजताना वर्मवर किती धागे सुरू होतात ते टोकाकडून बघा. दोन धाग्यांच्या वर्मने 40 दातांचा गिअरसुद्धा 20:1 च देतो. फक्त वर्म बदलून एक धाग्याचा लावू नका. धाग्याचा तिरकेपणा बदलतो आणि गिअर घासून खाल्ला जातो. जोडी म्हणूनच बदला. डब्यातला साधा गिअर ओळखण्यासाठी बाहेरचा व्यास भागिले (दात अधिक 2) करा: 30 दात आणि 12.8 मिमी व्यास असेल तर मॉड्यूल, म्हणजे दातांचं माप, 0.4. वेगळ्या मॉड्यूलचे गिअर एकमेकांत बसल्यासारखे वाटतात, आणि लवकरच किंचाळायला लागतात.

वर्म बसवताना मधे पातळ कागदाची पट्टी घालून मोटर आवळा, मग पट्टी काढा. तेवढी फट बरोबर असते. रुळावरचा वेग मोजायचा असेल तर 1 मीटर अंतर कापायला लागलेले सेकंद मोजा आणि 313 ला त्यांनी भागा. उत्तर किलोमीटर प्रतितासात येतं.

प्रश्न: बॉयलर 1:76 च्या ओओ मॉडेलचा आणि कॅब एचओ मॉडेलची असं चालेल?

बॉयलर चालेल. खऱ्या बॉयलरचे व्यास एक मीटरपासून दोन मीटरच्या वरपर्यंत असायचे, त्यामुळे ओओचा 18 मिमी बॉयलर एचओमध्ये फक्त थोडा दांडगा दिसतो. धुरांडं, डोम, स्मोकबॉक्सचं दार यांनाही हरकत नाही. ज्या भागांना माणसाचा हात किंवा पाय लागतो ते मात्र एकाच मापातले हवेत: कॅबचं दार, पायऱ्या, रेलिंग, खिडक्या, कंदील. ओओ एचओपेक्षा 14 टक्के मोठं असतं. 1.8 मीटरचं दार एचओमध्ये 20.7 मिमी आणि ओओमध्ये 23.6 मिमी. हे तीन मिलिमीटर लपत नाहीत. म्हणून कॅब एचओची ठेवायचा तुमचा विचार बरोबर आहे. बॉयलरवरची ओओची जाड रेलिंग तेवढी काढून 0.4 मिमी तारेची लावा.

प्रश्न: दोन बॉयलर कापून एक लांब बॉयलर करतोय. जोड दिसतो, आणि आत मोटरही मावत नाही.

मोटरचं आधी. 16 मिमी बाहेरचा व्यास आणि 1 मिमी जाडीच्या नळीत आत 14 मिमी मिळतात. 10×12 मिमी चौकोनी मोटरचा कर्ण 15.6 मिमी भरतो, म्हणजे रुंदी-उंचीने मावते असं वाटलं तरी ती जाणार नाही. 12 मिमी व्यासाची गोल मोटर जाते. नाहीतर बॉयलरचा तळ कापा. चाकांच्या वरचा, साइड टँकच्या किंवा रनिंग बोर्डच्या आड जाणारा भाग कापला तर बाहेरून काही कळत नाही; कारागिरी न दिसणाऱ्या जागी वाया घालवू नये. मात्र स्मोकबॉक्सच्या पुढच्या 10-12 मिमीत कापू नका, तिथे तळ समोरून दिसतो.

जोडासाठी दोन्ही नळ्या आधी एकाच व्यासाच्या आहेत का ते मोजा. अर्ध्या मिमीचा फरक असेल तर पुटी भरून तो लपणार नाही. तिथे मुद्दाम पायरी द्या. खऱ्या बॉयलरचे पत्र्याचे भाग एकमेकांत सरकवलेले असायचे आणि त्यावरच्या आवरणाला धातूचे पट्टे असायचे. म्हणजे जोड नेमका तिथे घ्या जिथे पट्टा येणार आहे. कापण्यासाठी नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळा. पट्टीच्या कडा जुळल्या की काप काटकोनात येतो. बारीक दातांच्या करवतीने रेषेच्या बाहेरून कापा, उरलेलं काचेवर पसरलेल्या 400 नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा. आतून 10 मिमी लांबीचा नळीचा तुकडा अर्धा-अर्धा बसवून चिकटवा. जोड चोवीस तास सुकू द्या, कारण सॉल्व्हंट सुकताना प्लास्टिक आक्रसतं आणि घाईत घासलेला जोड दोन दिवसांनी खळगा होऊन पुन्हा उमटतो. मग 0.1 ते 0.15 मिमी जाड, 0.7 मिमी रुंद प्लास्टिकच्या पट्टीचा बॉयलर बँड त्यावर. असे चार-पाच बँड सारख्या अंतराने लावले की जोड कुठला ते तुम्हालाही शोधावं लागेल.

पॉलिस्टायरीन आणि एबीएस यांना द्रव प्लास्टिक सिमेंटने जोडता येतं, पण एबीएसला त्यातला तीव्र प्रकार लागतो. कुठलं प्लास्टिक आहे ते कळत नसेल तर कापून टाकायच्या तुकड्यावर थेंब टाका. पृष्ठभाग मऊ झाला तर चिकटेल. थेंब नुसता उडून गेला तर ते अॅसिटल किंवा पॉलिथिनसारखं काहीतरी आहे, तिथे स्क्रू किंवा पिन हवी.

प्रश्न: सिलिंडर लावायचेत. वॉलशर्ट्स गिअरचे (वाफेचे व्हॉल्व्ह चालवणारी बाहेरच्या दांड्यांची यंत्रणा) भाग वेगवेगळ्या इंजिनांचे आहेत. जमवू का?

जमवा, पण आधी पिस्टनची चाल जमते का ते बघा. क्रॉसहेडची (पिस्टनच्या दांड्याला रॉडशी जोडणारा, स्लाइड बारवर सरकणारा तुकडा) चाल क्रँकच्या दुप्पट असते: क्रँक 3.5 मिमी असेल तर 7 मिमी. स्लाइड बारची लांबी क्रॉसहेडची लांबी अधिक 7 मिमी आणि दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मिमी एवढी तरी हवी. ती कमी पडली तर क्रॉसहेड सिलिंडरवर आपटतो किंवा मागे निसटून चाक जाम करतो. सिलिंडरचा मध्य आणि मुख्य चालक अॅक्सलचा मध्य सहसा एका आडव्या रेषेत घ्या. थोडा उतार चालतो, पण दोन्ही बाजूंना सारखाच.

वॉलशर्ट्समध्ये सर्वाधिक चूक रिटर्न क्रँकमध्ये, म्हणजे मुख्य क्रँकपिनवर बसवलेल्या छोट्या क्रँकमध्ये, होते. मुख्य क्रँकपिन अगदी खाली असताना रिटर्न क्रँकचं टोक अॅक्सलच्या पुढे किंवा मागे यायला हवं, आणि दोन्ही बाजूंना एकाच दिशेला. एक पुढे आणि एक मागे असं अनेक मॉडेलांत दिसतं. खरं इंजिन तसं असतं तर त्याचा एक सिलिंडर पुढे आणि दुसरा मागे ढकलायला लागला असता. भाग जुळतच नसतील तर सोपी वाट आहे: व्हॉल्व्ह गिअर फ्रेमच्या आत आहे असं गृहीत धरा. स्टीफन्सन गिअरवाली कितीतरी इंजिनं बाहेरून फक्त क्रॉसहेड आणि रॉड दाखवत असत. फ्रीलान्स इंजिनाला याची पूर्ण मुभा आहे.

प्रश्न: पुढची छोटी दोन चाकं वळणावर रुळावरून उतरतात, आणि कधी कधी शॉर्टही होतं.

शॉर्टचं कारण बहुधा छोट्या चाकाचा सिलिंडरला किंवा फ्रेमला स्पर्श. तुमच्या सर्वात तीव्र वळणावर इंजिन हाताने ढकला आणि खालून आरशात बघा. जिथे घासतं तिथे सिलिंडरची आतली बाजू कापा, किंवा चाकाचा व्यास 1 मिमीने कमी करा. तात्पुरतं तपासायला तिथे नेलपॉलिशचा थर द्या. शॉर्ट थांबलं तर जागा सापडली.

उतरण्यासाठी दोन गोष्टी बघा. एक, वजन: छोट्या चाकांचा हा ट्रक (फिरती चौकट) स्वतः 5-8 ग्रॅम तरी हवा, किंवा वरून अगदी मऊ स्प्रिंग. स्प्रिंग कडक झाली तर ती मुख्य चाकं उचलते आणि इंजिन घसरायला लागतं. दोन, पिव्हट, म्हणजे ट्रक ज्याभोवती फिरतो तो बिंदू: तो फार पुढे असेल तर चाकं वळणाला तिरकी भिडतात. तो पहिल्या मोठ्या अॅक्सलच्या जवळ घ्या आणि वर-खाली 1 मिमी मोकळीक ठेवा.

तीन मोठ्या अॅक्सलवाली चासीच वळणात अडत असेल तर मधल्या अॅक्सलला आडवी 0.3 ते 0.5 मिमी मोकळीक द्या. साधारण 36 सेंमी त्रिज्येच्या वळणांसाठी तेवढी सहसा पुरते.

प्रश्न: इंजिन सपाटीवर ठीक ओढतं, चढावर चाकं जागच्या जागी फिरतात. बॉयलरमध्ये शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदात भरू का?

छर्रे भरा, पण पांढऱ्या पीव्हीए गोंदात अजिबात नको. त्यातल्या अॅसिटिक आम्लाने शिशावर पांढरी भुकटी धरते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत बॉयलर आतून फुटतो. एपॉक्सी वापरा. हातमोजे घाला, शिसं घासू नका, काम झाल्यावर हात धुवा. जागा फारच कमी असेल तर टंगस्टनची पुटी घ्या. शिशाची घनता 11.3 आणि टंगस्टन धातूची 19.3, पुटीत मधे बाइंडर असतो, त्यामुळे पूर्ण फायदा मिळत नाही.

किती भरायचं त्याचा ढोबळ हिशेब असा: धातूची चाकं आपल्यावरच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी ओढ देतात. 200 ग्रॅमचं 0-6-0 इंजिन 40 ग्रॅम ओढेल. 120 ग्रॅमच्या मोकळ्या फिरणाऱ्या डब्याला सपाटीवर 3 ग्रॅमच्या आसपास लागतात, म्हणजे 13 डबे. 2 टक्के चढावर प्रत्येक डब्याला 2.4 ग्रॅम जास्त लागतात आणि इंजिनाचे स्वतःचे 4 ग्रॅम खर्च होतात. 36 भागिले 5.4, म्हणजे 6 डबे. तेरावरून सहावर येणं ही इंजिनाची चूक नाही, चढाची आहे. डबे जड फिरत असतील तर आधी त्यांच्या चाकांकडे बघा.

वजन कुठे आहे तेही महत्त्वाचं. इंजिन मधल्या अॅक्सलखाली पेन्सिलीवर ठेवा; पुढे-मागे कुठेही न झुकता तोललं पाहिजे. सगळं शिसं स्मोकबॉक्समध्ये कोंबलं तर मागची चाकं नुसती शोभेला उरतात.

प्रश्न: सांध्यांवर इंजिन हमखास थांबतं. रूळ तर साफ आहेत.

छोट्या चासीला विजेचे संपर्क कमी. प्रत्येक चाकावर पिकअप (चाकातून वीज घेणारी तार) आहे ना ते आधी बघा, आणि रबरी टायर असलेलं चाक मोजू नका. ते वीज घेत नाही. पिकअपसाठी 0.3 मिमी फॉस्फर ब्राँझ तार, चाकाच्या मागच्या बाजूला जेमतेम टेकेल अशी. तार बोटाने उचलून सोडल्यावर परत टेकली पाहिजे, पण चाकाचा ब्रेक होता कामा नये. टेंडर असेल तर त्याच्या चाकांवरूनही वीज घ्या आणि अगदी लवचीक वायरीने इंजिनाला जोडा. जाड वायर टेंडरला वळणावर रुळावरून उचलते. तेल कमी घाला. चाकाच्या कडेवर पसरलेलं तेल धूळ धरतं आणि तुम्ही रूळ साफ करत बसता.

प्रश्न: पितळी फुटप्लेटवर व्हाइट मेटलचा (कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू) डोम सोल्डर करताना डोमच वितळला.

नेहमीच्या सोल्डरने तसंच होणार. 70 अंशांना वितळणारं खास सोल्डर मिळतं, पण ते थेट पितळेला धरत नाही. आधी पितळेवर साध्या सोल्डरचा पातळ थर चढवा, थंड होऊ द्या, मग उष्णता कमी-जास्त करता येणाऱ्या आयर्नने 70 अंशांचं सोल्डर आणि त्याचं द्रव फ्लक्स वापरा. काम झालं की कोमट पाण्याने धुवा, फ्लक्स राहिलं तर रंगाखाली हिरवं फुटतं. फक्त एक डोम बसवायचा असेल तर हा सगळा खटाटोप कशाला? एपॉक्सी लावा.

प्रश्न: चार इंजिनांचे भाग चार रंगांचे आहेत. थेट काळा रंग मारू?

प्रायमरशिवाय नको. आधी भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याने ब्रशने धुवा, सुकू द्या, मग राखाडी प्रायमरचा पातळ हात. सगळं एका रंगात आल्यावर जोड, ओरखडे, बोटांचे ठसे पहिल्यांदाच खरे दिसतात. पुटी आणि 800-1000 नंबरचा पॉलिश पेपर यांचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. उघड्या पितळेला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरणारा, प्लास्टिकला साधा. जुना रंग काढायचाच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ठेवा आणि तासातासाने बघा. ब्रेक ऑइल वापरायचा सल्ला मिळेल; काही प्लास्टिक त्याने ठिसूळ होतं.

निव्वळ काळा मॉडेलवर अंगावर येतो. काळ्यात थोडा राखाडी मिसळा, स्मोकबॉक्स किंचित वेगळ्या, अधिक मॅट छटेचा ठेवा. नंबराचे पाण्यात भिजवून लावायचे डेकल (छापील स्टिकर) चकचकीत पृष्ठभागावरच लावा, नाहीतर पारदर्शक भागाखाली हवा अडकून चंदेरी दिसते. शेवटी सगळ्यावर मॅट वार्निश. खिडक्यांची काच त्यानंतर, आणि सुपरग्लूने नाही, त्याच्या वाफेने काच पांढरी होते.

प्रश्न: याच मापात खरी वाफ भरता येईल का?

सुट्या भागांतून नाही. ओओमध्ये हॉर्नबीने 2003 मध्ये खऱ्या वाफेवर चालणारं मॅलार्ड बाजारात आणलं होतं. त्यात रुळांतून आलेल्या विजेने टेंडरमधलं पाणी उकळायचं. ते कारखान्यात बांधलेलं आणि तपासलेलं यंत्र होतं. घरी दाबाचा बॉयलर करायचा तर चांदीच्या सोल्डरने जोडलेला तांब्याचा बॉयलर, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि वाफ भरण्याआधी थंड पाण्याने कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाची चाचणी, एवढं किमान लागतं. त्याला मोठं माप हवं, म्हणजे 32 किंवा 45 मिमी गेज. तुमच्या एचओ चासीत मोटरच राहू द्या.